पेट्रोल भरताना शेवटी आकडे हळू का होतात? कारखान्यातला बॅच कंट्रोलर हेच कोडं रोज सोडवतो

पेट्रोल पंपावर ५०० रुपयांचं पेट्रोल सांगितलं की मीटरवरचे आकडे आधी भराभर पळतात. ४५०, ४७०, ४९०... आणि शेवटचे काही रुपये उरले की अचानक रांगायला लागतात. ४९८, ४९९ आणि बरोबर ५०० वर टक् करून बंद.

अनेकांना वाटतं, गडबड इथेच होते. शेवटी फक्त हवा येते, पंपवाला नोझल ढिला सोडतो, असे फॉरवर्ड तर प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरून झालेत. पण शेवटी वेग कमी होण्यामागे साधं कारण आहे. वाहणारी गोष्ट एका क्षणात थांबवता येत नाही. ती बरोबर आकड्यावर थांबवायची असेल, तर आधीच ब्रेक दाबावा लागतो.

पंपावर ५०० रुपयांचा प्रश्न असतो. कारखान्यात हाच प्रश्न लाखोंचा होतो. खाद्यतेलाचे डबे भरणारी फॅक्टरी, २०० लिटरचे ड्रम भरणारा केमिकल प्लांट, काँक्रीटमध्ये मोजून पाणी सोडणारा आरएमसी प्लांट, डेअरी, इंधनाचे टँकर भरणारा डेपो. या सगळ्या ठिकाणी पॅनेलवर एक छोटा डबा बसवलेला असतो. त्याचं नाव फ्लो काउंटर आणि बॅच कंट्रोलर.

त्याच्या पुढच्या बाजूला आकडे दिसतात. पण खरं काम करतात ते मागच्या बाजूचे रिले. हे रिले कसे प्रोग्रॅम केलेत, यावर ड्रममध्ये २०० लिटर जाणार की २०१, हे ठरतं. आणि काही बिघडलं तर सगळं वेळेत थांबणार की जमिनीवर सांडणार, हेही.

आधी मोजतात कसं?

पाइपमध्ये फ्लो मीटर बसवलेला असतो. टर्बाइन प्रकारच्या मीटरमध्ये एक छोटं चक्र असतं. द्रव वाहिला की ते फिरतं आणि दर फेरीला ठरावीक पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, कंट्रोलरकडे पाठवतं.

कंट्रोलरला पाणी दिसत नाही, तेल दिसत नाही. त्याला फक्त ठोके कळतात. एका लिटरला किती ठोके, हा आकडा त्याला आधी भरून द्यावा लागतो. त्याला म्हणतात के-फॅक्टर.

समजा के-फॅक्टर १०० आहे. म्हणजे १०० ठोके झाले की १ लिटर. २०० लिटरचा ड्रम भरायचा तर २०,००० ठोके मोजायचे आणि थांबवायचं.

पण थांबवायचं कोणी? कंट्रोलरच्या आतलं सर्किट अगदी कमी विजेवर चालतं. त्याच्यात व्हॉल्व्ह ओढायची किंवा पंप चालू करायची ताकद नसते. इथे रिले येतो.

रिले म्हणजे काय?

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. आत तारेची एक छोटी कॉइल असते. तिच्यात थोडी वीज सोडली की ती चुंबक बनते, लोखंडाची पट्टी ओढते आणि दुसऱ्या बाजूचा मोठा करंट चालू होतो. पॅनेलमधून येणारा तो टक् आवाज याच पट्टीचा.

रिले हा शब्द विजेच्या आधी घोड्यांसाठी वापरला जायचा. लांबच्या प्रवासात टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे तयार ठेवायचे, त्याला इंग्रजीत रिले म्हणायचे. थकलेला घोडा निरोप आणून देतो, ताजा तो पुढे नेतो. इथे कंट्रोलरचा अशक्त निरोप रिले आणतो आणि पुढचं ओझं मोठी वीज वाहते.

रिलेच्या मागे बहुतेक वेळा ३ टर्मिनल असतात. कॉमन, एनओ आणि एनसी. रिले शांत असताना कॉमनची जोडी एनसीशी असते. रिलेने ओढलं की ती एनओशी जुळते. ही तीन अक्षरं पुढे फार महत्त्वाची ठरणार आहेत.

चालू करणं सोपं, थांबवणं अवघड

आता ड्रमचं गणित बघा. पूर्ण वेगाने सेकंदाला २ लिटर द्रव येतोय. २०० लिटर झाले, कंट्रोलरने रिले सोडला. पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात अर्ध्या सेकंदाचा प्रवाह निसटला असं धरा.

म्हणजे १ लिटर जास्त.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण दिवसाला १०० ड्रम भरले तर १०० लिटर जातात. वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तर ३०,००० लिटर. म्हणजे १५० ड्रम फुकट वाटल्यासारखं झालं. उलट, कुणी भीतीपोटी व्हॉल्व्ह फार आधी बंद केला तर प्रत्येक गिऱ्हाइकाला माल कमी जातो.

मग सगळा ड्रम हळूहळू भरला तर? सेकंदाला ०.२ लिटर सोडलं तर निसटणारा माल १०० मिलिलिटरवर येतो. पण एक ड्रम भरायला १,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळपास १७ मिनिटं. पूर्ण वेगाने हेच काम १०० सेकंदांत होतं.

यावरचा तोडगा म्हणजे दोन टप्पे. आधी वेगात भरायचं आणि शेवटचा थोडा भाग हळू. पंपावर शेवटचे आकडे रांगतात ते याचमुळे.

मग रिलेला काम वाटून कसं देतात?

प्रत्येक कंपनीच्या कंट्रोलरमध्ये मेनूची नावं वेगळी असतात, पण गाभा एकच असतो. कोणता रिले कधी ओढणार आणि कधी सोडणार, एवढंच त्याला सांगायचं असतं. २०० लिटरच्या ड्रमसाठी, दोन व्हॉल्व्ह आणि तीन रिले धरून, मांडणी साधारण अशी होते:

• रिले १, बारीक व्हॉल्व्ह: स्टार्ट दाबल्यावर चालू, २०० लिटरला बंद. पंपालाही हाच रिले सांगतो.

• रिले २, मोठा व्हॉल्व्ह: स्टार्टनंतर चालू, १९७ लिटरला बंद. या आकड्याला अनेक कंट्रोलरमध्ये प्रीवॉर्न म्हणतात.

• रिले ३, अलार्म: काहीही बिघडलं की भोंगा.

आता १९७ च का? मोठा व्हॉल्व्ह बंद होताना १ लिटर निसटणार, हे आधीच माहीत आहे. उरले २ लिटर. ते सेकंदाला ०.२ लिटरने जायला १० सेकंद लागतात. म्हणजे १० सेकंदांहूनही कमी वेळ जास्त देऊन एक लिटरची चूक १०० मिलिलिटरवर आली.

प्रीवॉर्न १८० ठेवला तर प्रत्येक ड्रममागे सव्वा मिनिटाहून जास्त वेळ फुकट जातो. १९९.५ ठेवला तर वेग कमी व्हायच्या आधीच ड्रम भरून वर जातो. हा एक आकडा नीट बसवण्यातच अर्धं कौशल्य आहे.

आणखी एक फायदा असा की मोठा प्रवाह झटक्यात बंद केला तर पाइपमध्ये धाडकन धक्का बसतो. घरातला नळ पटकन बंद केल्यावर भिंतीतून येणारा आवाज आठवा. कारखान्यात हाच धक्का जोड आणि मीटर खिळखिळे करतो. दोन टप्प्यांत बंद केलं की तो कमी होतो.

इंधनाच्या डेपोत सुरुवातही हळू का असते?

टँकर भरताना सुरुवातही मुद्दाम हळू करतात. इंधन वेगाने पडलं, उडालं की त्यात स्टॅटिक वीज साठते. वर इंधनाची वाफ असते. अशा वेळी एक ठिणगीही पुरते.

म्हणून भरण्याच्या पाइपचं तोंड इंधनात बुडेपर्यंत वेग सेकंदाला साधारण १ मीटरपर्यंतच ठेवण्याची पद्धत आहे. तिथे रिले २ ला आणखी एक आकडा द्यावा लागतो. स्टार्टला लगेच ओढू नकोस, ठरावीक लिटर गेल्यावरच ओढ. मापासाठी केलेली सोय इथे जीव वाचवायच्या कामी येते.

ओव्हररन: कंट्रोलर स्वतः शिकतो

ते शेवटचे १०० मिलिलिटर उरलेच. त्यांना ओव्हररन म्हणतात. चांगले कंट्रोलर व्हॉल्व्ह बंद केल्यावरही ठोके मोजत राहतात, मागच्या काही बॅचची सरासरी काढतात आणि पुढच्या वेळी तेवढं आधीच थांबवतात. म्हणजे २०० ऐवजी १९९.९ लाच रिले सोडायचा.

पण ही सोय आजार लपवते सुद्धा. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, सील झिजलं, की तो उशिरा बंद होतो. कंट्रोलर मुकाट्याने आणखी आधी थांबायला लागतो. ड्रमचं माप बरोबर येत राहतं आणि कुणाला पत्ताच लागत नाही. एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण अडकतो, तेव्हा कंट्रोलरला काही करता येत नाही.

म्हणून ओव्हररनला मर्यादा घालायची. रोज १०० मिलिलिटर असणारा ओव्हररन ३०० वर गेला की अलार्म रिलेने ओरडलं पाहिजे.

माप चुकतंय, पण दोष कुणाचा?

आयटीआय झालेल्या नव्या मुलांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. माप चुकलं की समोर दिसेल तो आकडा बदलायचा. पण चुकीचे प्रकार दोन असतात आणि ते ओळखायची युक्ती सोपी आहे.

एकदा १०० लिटर भरा, एकदा २०० लिटर भरा.

दोन्ही वेळा चूक सारखीच आली, म्हणजे १०० ला १ लिटर आणि २०० लाही १ लिटर, तर दोष थांबण्यात आहे. प्रीवॉर्न किंवा ओव्हररन बघा. चूक प्रमाणात वाढली, म्हणजे १०० ला अर्धा लिटर आणि २०० ला १ लिटर, तर दोष मोजण्यात आहे. के-फॅक्टर बघा.

मोजण्यातला दोष थांबण्याच्या सेटिंगने झाकला, तर २०० लिटरचा ड्रम बरोबर येतो आणि ५० लिटरचा कॅन चुकतो.

के-फॅक्टर तपासायला पाणी भरून वजन करतात. यातही एक खाच आहे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, असं शाळेत शिकवलेलं असतं. पण ३० अंश सेल्सिअसला २०० लिटर पाण्याचं वजन साधारण १९९.१ किलो भरतं. हे विसरलं तर जवळपास १ लिटरची चूक तपासणीतच होते.

समजा डिस्प्लेवर २०० लिटर आले आणि ३० अंशाला पाण्याचं वजन १९८.१ किलो भरलं. म्हणजे पाणी प्रत्यक्षात १९९ लिटर गेलं. ठोके मात्र २०,००० झाले. २०,००० ला १९९ ने भागा, नवा के-फॅक्टर १००.५ येतो.

ठोकेच आले नाहीत तर?

आता सगळ्यात गंभीर भाग. उंदराने मीटरची वायर कुरतडली. किंवा मीटरचं चक्र अडकलं. द्रव वाहतोय, पण ठोके येत नाहीत.

कंट्रोलरच्या दृष्टीने काय झालं? काहीच आलं नाही. तो ४० लिटरवर थांबून राहतो आणि उरलेल्या १६० ची वाट बघत व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. ड्रम भरतो, वाहतो, फरशीवर पसरतो. डिस्प्लेवर तरीही ४०.

यासाठी नो-फ्लो टाइमआउट असतो. व्हॉल्व्ह उघडा असताना ठरावीक सेकंद, समजा ५ सेकंद, एकही ठोका आला नाही तर सगळे रिले सोड आणि अलार्म दे. उलटी अटही घालतात. बॅच संपल्यावरही ठोके येत राहिले तर व्हॉल्व्ह गळतोय, अलार्म दे. अनेक ठिकाणी हे सेटिंग बंद ठेवलेलं असतं. कारण काय, तर टाकी रिकामी झाली की उगाच भोंगा वाजतो.

आकडा गोठला की काय होतं, हे ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेल डेपोत दिसलं. तिथे बॅच कंट्रोलर नव्हता, मोठ्या टाकीची पातळी मोजणारा गेज होता. टाकीत पेट्रोल येत होतं आणि गेज अडकला. स्क्रीनवर पातळी स्थिर दिसत राहिली. टाकी काठोकाठ भरल्यावर सगळं बंद करणारा एक स्वतंत्र स्विच होता, पण तोही चालला नाही. त्याची चाचणीची कडी योग्य जागी धरून ठेवणारं कुलूपच लावलेलं नव्हतं.

पेट्रोल टाकीवरून वाहिलं, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि सकाळी ६ च्या सुमारास स्फोट झाला. ४० हून जास्त लोक जखमी झाले. रविवारची पहाट होती म्हणून आसपासच्या ऑफिसात फारसं कुणी नव्हतं. कुणाचा जीव गेला नाही.

म्हणून धोकादायक द्रव असेल तिथे एकट्या काउंटरवर भिस्त ठेवत नाहीत. ड्रम किंवा टाकी भरल्याचं ओळखणारा वेगळा सेन्सर लावतात. तो कंट्रोलरला विचारत बसत नाही, थेट व्हॉल्व्हची वीज तोडतो. आणि तो चालतो का, हे ठरलेल्या दिवशी तपासतात.

आणि वीज गेली तर?

बॅच अर्ध्यात असताना लाइट गेली. आता व्हॉल्व्ह उघडा राहणार की बंद होणार?

उत्तर वायरिंगमध्ये आहे. वीज नसताना स्प्रिंगने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह घ्यायचा आणि तो रिलेच्या एनओवर जोडायचा. वीज गेली, वायर तुटली किंवा कंट्रोलर बंद पडला, तरी व्हॉल्व्ह बंदच होतो.

पण शब्दांनी इथे भल्याभल्यांना चकवलंय. व्हॉल्व्हच्या भाषेत नॉर्मली क्लोज्ड म्हणजे प्रवाह बंद. रिलेच्या भाषेत नॉर्मली क्लोज्ड म्हणजे करंट चालू. शब्द तोच, अर्थ उलटा. व्हॉल्व्हवर एनसी लिहिलंय म्हणून तो रिलेच्या एनसीवर जोडला, तर कंट्रोलर बंद पडल्यावर व्हॉल्व्ह उघडतो.

अलार्मचा रिले मात्र उलटा चालवतात. सगळं ठीक असताना तो ओढलेला ठेवायचा, बिघाड झाला की सोडायचा. म्हणजे कंट्रोलरच मेला, तरी रिले सुटतो आणि भोंगा वाजतो. फक्त भोंग्याची वीज वेगळ्या लाइनवरून घ्यायची.

रिले किती दिवस टिकतो?

रिले झिजतो. पूर्ण लोडवर साधारण १ लाख वेळा उघडझाप, असा आकडा अनेक छोट्या रिलेंच्या माहितीपत्रकात असतो. मिनिटाला एक बॅच, २४ तास काम, म्हणजे दिवसाला १,४४० वेळा. १ लाख ७० दिवसांच्या आतच संपतात.

झिजलेला रिले कधी कधी चिकटतो. म्हणजे कंट्रोलर म्हणतो बंद, पण व्हॉल्व्ह चालूच. म्हणून पंपाची मोटर थेट रिलेवर टाकत नाहीत, मध्ये काँटॅक्टर घालतात. व्हॉल्व्हच्या कॉइलला डीसी असेल तर डायोड आणि एसी असेल तर स्नबर लावतात, म्हणजे ठिणगी कमी पडते. फार वेगाने चालणाऱ्या मशीनवर हलणारे भाग नसलेला सॉलिड स्टेट रिले वापरतात.

आकड्यालाच हात घातला तर?

इथपर्यंत सगळे प्रामाणिक आहेत असं धरलं. पण सगळा खेळ ठोक्यांवर असेल, तर ठोक्यांशी खेळताही येतं. एका लिटरचे ठोके जास्त दाखवले की डिस्प्लेवर ५ लिटर दिसतं आणि टाकीत कमी पडतं.

२०१७ साली हे देशभर गाजलं. आधी उत्तर प्रदेशच्या एसटीएफने लखनौमध्ये आणि मग ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर छापे टाकले. यंत्रातल्या पल्सर आणि सर्किटमध्ये फेरफार करून कमी इंधन दिलं जात असल्याचं समोर आलं. लखनौत तर ही चिप रिमोटने चालू-बंद करता येत होती.

म्हणूनच पंपाच्या यंत्राला वैध मापन शास्त्र विभागाचं सील असतं. ग्राहकाला शंका आली तर तो पंपावरच ५ लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागू शकतो. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. कारखान्यातही के-फॅक्टरचा मेनू पासवर्डमागे ठेवतात आणि तो कुणी, कधी बदलला याची वहीत नोंद ठेवतात.

थोडक्यात काय, तर शेवटी आकडे हळू होणं हे यंत्र नीट थांबायचा प्रयत्न करतंय याचं लक्षण आहे. शंका घ्यायचीच असेल तर वेगावर घेऊ नका. एका लिटरचे ठोके किती धरलेत, तो आकडा कुणाच्या हातात आहे आणि ठोके बंद पडले तर कोण थांबवणार, हे विचारा. बॅच कंट्रोलर बसवणाऱ्या प्रत्येकाला या तीन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ हवीत.